आडनाव विचारले तर...

"काका, एजंटने पुन्हा आडनावच विचारले," असे म्हणत आमचा पुतण्या मटकन खाली बसला. नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली पुनर्विकासासाठी रिकामी करायची होती. चाळीत आडनाव कोणी विचारले नव्हते, कारण सारे आपलेच. आता परळ-लालबागला भाड्याच्या जागेसाठी त्याची महिनाभर पायपीट चालली होती. फोनवर जागा असायची. आडनाव कळले की ती 'कालच गेलेली' असायची.

आम्ही वडीलकीच्या नात्याने सल्ला दिला, "नुसते तुझे आणि वडिलांचे नाव सांग. पुढचे पुढे बघू."

तो शांतपणे म्हणाला, "काका, बडोद्यात काय झाले ते दर चौदा एप्रिलला तुम्हीच सांगता ना?"

आम्ही निरुत्तर झालो. १९१७ साली कोलंबिया आणि लंडनला शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, पण त्यांना राहायला जागा मिळेना. नाइलाजाने पारशी नाव घेऊन ते पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन जमाव आला. काही तास बागेत बसून रात्रीच्या गाडीने त्यांनी मुंबई गाठली. भाषणात हे सांगणारे आम्ही घरात मात्र पोराला तोच अकरा दिवसांचा निवारा शोधायला सांगत होतो!

मग आमचे कारकुनी डोके कामाला लावले. आधार, पॅन, कंपनीचे ओळखपत्र, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, बँकेचे स्टेटमेंट यांची एक फाईल केली. डिपॉझिटची रक्कम खात्यात तयार ठेवली. पहिल्याच फोनवर पूर्ण नाव सांगायचे आणि 'घरात मटण-मासे होतात' हेही सांगायचे, म्हणजे रजा आणि टॅक्सीचे पैसे वाया जात नाहीत. एजंटवर विसंबून न राहता विहारात आणि ऑफिसात शब्द टाकायचा व शक्यतो मालकाशी थेट बोलायचे.

करारही तोंडी नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून राहती जागा नाकारणे हा नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ खाली गुन्हा आहे. खरे कारण कोणी लिहून देत नाही, म्हणून आलेले मेसेज, तारीख आणि सोबत कोण होते याची नोंद ठेवावी.

सोळा ठिकाणी नकार आला. सतराव्या बाई गिरगावातल्या निवृत्त शिक्षिका. त्यांचा फ्लॅट लालबागला. त्यांनी फाईल चाळली आणि एवढेच विचारले, "भाडे कितव्या तारखेला देणार?" आज त्या दारावर पूर्ण नावाची पाटी आहे.

एक बोच मात्र राहिली. आपल्यापैकी काहींनी आता ठाणे-बदलापूरला फ्लॅट घेऊन भाड्याने दिले आहेत. अशाच एका बांधवाने 'मुसलमान नको' असे एजंटला बजावल्याचे आम्ही स्वतः ऐकले आणि गप्प बसलो. पुढच्या वेळी गप्प बसणार नाही. किल्ली आपल्या हाती आली म्हणून प्रश्न बदलत नाही. आपल्या दारात उभ्या असलेल्या माणसालाही भाड्याची तारीखच विचारावी.

जयभीम!