हाब्रेच्या शोधात सिंगलिलाच्या रानात

कोलकाता हे समुद्रसपाटीलगत वसलेले शहर. पण त्याच पश्चिम बंगालच्या उत्तर टोकाला ३६३६ मीटर उंचीचे संदकफू हे राज्यातील सर्वोच्च ठिकाण आहे. तेथपर्यंतची वाट सिंगलिला राष्ट्रीय उद्यानातून जाते. उन्हाळ्याची किंवा पूजेची सुट्टी लागली की कोलकातावासी सहकुटुंब पहाडाची वाट धरतात. बहुतेकजण दार्जिलिंगला थांबतात. रानाची आवड असलेले मात्र थोडे पुढे, मानेभंज्यांगला उतरतात.

सिंगलिलाला १९८६ मध्ये अभयारण्याचा आणि १९९२ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळ अवघे ७८ चौरस किलोमीटर आणि शेजारी लगेच नेपाळ. सीमा इतकी नागमोडी की टुमलिंगचा सकाळचा चहा नेपाळात होतो आणि पुढचे जंगल भारतात लागते!

टुमलिंगहून पहाटे निघालेले बरे. ढग वर येण्यापूर्वी कांचनजंगा स्पष्ट दिसते. कुंभकर्ण, कांचनजंगा आणि पांडिम यांची रांग पाहताना बुद्ध आडवे झोपले आहेत असा भास होतो, म्हणून तिला 'निद्रिस्त बुद्ध' म्हणतात. वाट मग उतरून गैरीबासला येते. येथून कालीपोखरीपर्यंत ओक, बुरांश आणि मालिंगो या बारीक बांबूचे दाट रान आहे. मार्च ते मे महिन्यांत बुरांश फुलतो, तेव्हा डोंगरउतार लाल-गुलाबी दिसतात.

याच रानात हाब्रे, म्हणजे लाल पांडा राहतो. आकाराने मांजरापेक्षा थोडा मोठा, अंगावर तांबूस लोकर, शेपटीवर वळी. 'पांडा' हे नाव मुळात याचेच. काळ्या-पांढऱ्या मोठ्या पांडाची शास्त्रीय नोंद याच्यानंतर ४४ वर्षांनी झाली. बांबूच्या पाल्यातून पोषण फार कमी मिळते, म्हणून दिवसाचा बराच वेळ त्याला खाण्यातच घालवावा लागतो. उरलेल्या वेळात तो शेवाळाने मढलेल्या फांदीवर निवांत पडून राहतो. शेवाळही तांबूस आणि तोही तांबूस, त्यामुळे नवख्याला तो समोर असूनही दिसत नाही. स्थानिक वाटाड्याची नजर मात्र नेमकी त्याच फांदीवर थांबते.

तो नाही दिसला तरी दिवस वाया जात नाही. पांढऱ्या ठिपक्यांचा लालभडक सॅटिर ट्रॅगोपान पक्षी झुडपातून डोकावतो, पिवळ्या गळ्याचा मार्टेन वाट ओलांडतो, भेकराची हाक ऐकू येते. संध्याकाळी संदकफूला पोहोचावे. दुसऱ्या दिवशी आकाश निरभ्र असेल, तर एव्हरेस्ट, कांचनजंगा, ल्होत्से आणि मकालू ही जगातील पहिल्या पाच शिखरांपैकी चार शिखरे एकाच जागेवरून दिसतात.

हे रान आपोआप टिकलेले नाही. दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू प्राणिसंग्रहालयात वाढलेल्या स्वीटी आणि मिनी या दोन माद्या २००३ साली येथे सोडण्यात आल्या. मिनी हिंस्र श्वापदाच्या तोंडी सापडली. स्वीटीने मात्र रानातच पिल्लाला जन्म दिला. पिंजऱ्यातला जीव रानात रुजू शकतो, पण त्यासाठी रान शाबूत हवे, हे त्यातून कळले. बांबूची तोड, मोकाट कुत्री आणि गाड्यांची वाढती वर्दळ हे आजचे धोके आहेत. एके काळी फक्त जुन्या लँड रोव्हर गाड्या धडपडत चढायच्या, तो रस्ता आता बराचसा काँक्रीटचा झाला आहे. म्हणून गैरीबास ते कालीपोखरी हा सहा किलोमीटरचा टप्पा तरी पायी करावा. मुलांनाही तो झेपतो. शिवाय गाडीच्या आवाजाने जे पळून जाते, तेच चालणाऱ्याला दिसते.

कसे जाल? कोलकात्याच्या सियालदहहून रात्रीच्या दार्जिलिंग मेलने सकाळी न्यू जलपायगुडी, तेथून जीपने मानेभंज्यांग. वाटाड्या तेथेच ठरवावा. ओळखपत्र आणि भरपूर गरम कपडे बरोबर ठेवावेत. उंचीचा त्रास टाळण्यासाठी टुमलिंगला एक मुक्काम करावा. १६ जून ते १५ सप्टेंबर उद्यान बंद असते. प्लॅस्टिकचा कचरा मात्र आठवणीने परत खाली आणावा. हाब्रेच्या घरात आपण पाहुणे असतो.