उजेडाला भिंत लागते

जामच्या चौरस्त्यावरून दक्षिणेकडे दोन वाटा फुटतात. हिंगणघाटवरून जाणारी हैदराबाद गाठते, वरोरा-भद्रावतीवरून जाणारी चंद्रपूर. पहिल्या वाटेने गेलात तर गोवळकोंडा लागतो. तिथे १९९३ पासून बरीच वर्षे दिवस मावळला की पडक्या महालांवर रंगीत दिवे फिरत आणि अमिताभ बच्चन यांच्या आवाजात कुतुबशाहीची गोष्ट ऐकू येई. दुसऱ्या वाटेने चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट येतो. पडक्या वास्तूवर उजेड कसा पाडावा, हा प्रश्न माझ्या मनात या दोन वाटांमध्येच घोळत राहिला आहे.

गोवळकोंड्याचा तो खेळ मी पाहिला तेव्हा भारावलो होतो, हे खरेच. कमानी लाल झाल्या की लढाई, निळ्या झाल्या की विरह, एवढे लहान मुलालाही समजत होते. पण खेळ संपून साधे दिवे लागले आणि मघाशी ज्या भिंतीकडे तासभर पाहत होतो, तिच्यावर काय होते हे मला आठवेना. गिलावा कुठे उडाला होता, कोनाडे किती होते, काहीच नाही. रंग तेवढे लक्षात राहिले. गोष्ट छान सांगितली गेली होती, पण वास्तूकडे पाहायचे राहून गेले होते.

अशा खेळांची सुरुवात फ्रान्समध्ये १९५२ साली शांबोरच्या राजवाड्यावर झाली. आपल्याकडे दिल्लीच्या लाल किल्ल्यावर तसा खेळ १९६५ साली सुरू झाला. तेव्हा दिवे फक्त रंग फेकत. आता प्रोजेक्शन मॅपिंग आले आहे. भिंत आधी लेसरने मोजतात, संगणकावर तिची हुबेहूब प्रतिकृती करतात आणि कमान, खाच, भेग जिथल्या तिथे बसेल असे चित्र बेतून तिच्यावर पाडतात. मग भिंत हलते, ढासळते, पुन्हा उभी राहते. आणि सकाळी पाहावे तर दगडावर एक ओरखडा नाही. डागडुजीच्या नावाखाली जुन्या बांधकामावर सिमेंट थापलेले ज्याने पाहिले असेल, त्याला उजेडाच्या या निघून जाण्याचे मोल कळेल. प्रोजेक्टरची एक मर्यादा मला फार आवडते. त्याला काळोख फेकता येत नाही. काळा रंग दाखवायचा म्हणजे तिथे उजेड न पाडणे, एवढेच त्याच्या हातात असते.

अफगाणिस्तानातल्या बामियानच्या दोन बुद्धमूर्ती, एक ५५ मीटर उंच आणि दुसरी ३८ मीटर, मार्च २००१ मध्ये तालिबानने सुरुंग लावून उडवल्या. जून २०१५ मध्ये झांग शिन्यू आणि लियांग हाँग हे चिनी दांपत्य प्रोजेक्टर घेऊन तिथे गेले आणि रिकाम्या कोनाड्यात रात्री उजेडाचा बुद्ध उभा राहिला. खोऱ्यातली माणसे तो पाहायला जमली. मूर्ती गेली होती तरी कोनाड्याची पाठ शिल्लक होती, म्हणून हे जमले. कडाच नसता, तर उजेड थांबला कुठे असता?

बामियान दूर आहे, पण भद्रावतीची विजासन टेकडी आपल्या याच रस्त्यावर आहे. टेकडीच्या पोटात एक लांब लेणे सरळ आत जाते, त्याला काटकोनात आणखी दोन फुटतात आणि तिन्हींच्या शेवटी बसलेला बुद्ध आहे. आत अंधार. मी मोबाइलचा टॉर्च सरळ मूर्तीवर धरला, तर दगड नुसता सपाट, पांढुरका दिसला. तिथे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी माझा हातच बाजूला केला. "समोरून काई दिसत नाई बाप्पा, बाजूनं धरा," म्हणाले. बाजूने धरला आणि झिजलेल्या खांद्याची गोलाई पुढे आली, मांडीवरचे हात कळले, भिंतीवरचे छिन्नीचे घाव एकेक करून उठले. जे झिजले होते तेही झिजलेलेच दिसले; उजेडाने त्यात काही भरले नाही. पडक्या वास्तूवर पाडायचा उजेड असा असावा, असे मला तेव्हापासून वाटते.

आमच्या भागात गावोगाव गढ्या होत्या. पांढऱ्या मातीच्या, जाड भिंतींच्या. पावसाने त्या खचत गेल्या आणि लोकांनी ती माती घर लिंपायला, शेतात टाकायला गाडीगाडीने नेली. त्यात मला काही गैर वाटत नाही. गावाची माती गावातच राहिली. पण आता तिथे कुणी प्रोजेक्टर आणला, तर उजेड बोरी-बाभळींतून सरळ पलीकडच्या पऱ्हाटीत जाऊन पडेल. त्याला अडवायला काही उरलेलेच नाही.

म्हणून चंद्रपूरचे मला अप्रूप आहे. तिथल्या परकोटात वड-पिंपळांनी मुळे घातली होती, झुडपांनी बुरूज गिळले होते. २०१७ साली इको-प्रो या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी तो हातांनी साफ करायला घेतला. दोनशेहून अधिक दिवस हे काम चालले तेव्हा पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख केला. कुऱ्हाड, विळा, घमेले, एवढ्यावर भिंत पुन्हा दिसू लागली. उजेडाच्या आधी करायचे काम ते हेच, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा आधी दिव्यांचे टेंडर निघते.

त्या परकोटावर कधी प्रोजेक्शन झालेच, तर तलवारी आणि घोडे नकोत असे मी म्हणेन. क्रिस्तोफ वोडिच्को या पोलंडमध्ये जन्मलेल्या कलावंताने ऑगस्ट १९९९ मध्ये हिरोशिमात काय केले ते आठवावे. अणुबॉम्बने जळालेल्या घुमटाच्या अवशेषावर त्याने चित्र पाडलेच नाही. घुमटाखालच्या नदीकाठच्या बांधावर त्याने फक्त हात दाखवले, त्या दिवसातून वाचलेल्या माणसांचे, आणि त्यांचेच आवाज ऐकवले. बोलताना एकमेकांत गुंतणारे, थरथरणारे हात. वर घुमट जसा होता तसाच.

चंद्रपुरातही हातच दाखवावेत. पिंपळाचे मूळ दगडाला धक्का न लावता सोडवणारे, झुडपांच्या मुळांशी चिकटलेली माती घमेल्यात झटकणारे. जटपुरा वेशीवर गोंड राजवटीचे सिंह आणि हत्तीचे चिन्ह कोरलेले आहे. त्याच्यावर कुठलेही चित्र नको, विजासनच्या बाबांनी सांगितला तसा बाजूने धरलेला एक दिवा पुरे. बुरुजांच्या सांदीत वटवाघळे आणि घुबडे राहतात, तेव्हा खेळ लवकर आटोपावा आणि वर्षातून मोजक्याच रात्री व्हावा. तिकीट लावायचे तर लावा, पण तो पैसा चुन्याला आणि गवंड्याला जाऊ द्या. गूळ, बेलफळ घालून चुना मळणारे कारागीर अजून आहेत, आणि कुठल्या बुरुजाचा कोणता दगड येत्या पावसाळ्यात सुटणार हे तिथे राबलेल्या पोरांना विचारले तर ती बोट ठेवून दाखवतील.