मावशींना घर लागलं होतं

पोस्ट मोठी आहे. पण पुण्यात सोसायटीत राहत असाल तर शेवटपर्यंत वाचा. यात चूक फक्त सरकारची नाही, आपलीही आहे.

मी बालेवाडीतल्या एका सोसायटीचा सेक्रेटरी. आमचे जिने आणि पार्किंग झाडणाऱ्या मावशी गेली अकरा वर्षं पर्वती पायथ्याच्या जनता वसाहतीतून येतात. दोन बस बदलून. साडेसातला हजर राहायचं म्हणजे पाचला उठून पाणी भरायचं, डबे करायचे आणि सहाच्या सुमाराला स्टॉपवर. पावसात एखाद्या दिवशी बस चुकली की आमच्या ग्रुपवर लगेच मेसेज: "आज लॉबी झाडली नाही का?"

दोन वर्षांपूर्वी मावशींनी म्हाडाच्या पुणे मंडळाच्या सोडतीत अर्ज भरला. माझ्याच लॅपटॉपवर. आणि चक्क नंबर लागला! आमच्यापासून चालत दहा मिनिटांवरच्या प्रकल्पात. मावशींनी प्रत्येक मजल्यावर पेढे वाटले.

काही महिन्यांनी त्यांनी घर सोडलं. मुदतीत पैसे भरता आले नाहीत. बँकेने पगाराची स्लिप आणि खात्याचा उतारा मागितला. नवरा रंगकाम करतो, मजुरी रोख. मावशींचा आमच्याकडचा पगारही रोख. मी सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र दिलं, सही-शिक्का मारून. काउंटरवरच्या बाईंनी ते वाचून परत केलं. म्हणाल्या, "असं पत्र कुणीही देईल हो."

आता नियम बघू. २०१३ साली राज्य सरकारने समावेशक घरांचा नियम आणला आणि २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत तो कायम ठेवला. दहा लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांमध्ये ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर गृहप्रकल्प उभा राहत असेल, तर मूळ एफएसआयच्या २० टक्के इतकी छोटी घरं दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी बांधायची. आकार ३० ते ५० चौरस मीटर. वाटप म्हाडाच्या सोडतीतून. नियम चांगलाच आहे. तो नसता तर बालेवाडीत मावशींचा नंबर लागण्याचा प्रश्नच आला नसता.

पण घर लागणं आणि घरात राहायला जाणं यात फरक आहे, आणि नियम पहिल्या पायरीवरच थांबतो.

पुणे महानगर क्षेत्रात अत्यल्प उत्पन्न गटाची मर्यादा २०२२ पासून कुटुंबाला वर्षाला ६ लाख आहे. म्हणजे महिना ५० हजार. (प्रधानमंत्री आवास योजनेत हीच मर्यादा ३ लाख धरली होती.) मावशींच्या घरात सगळं मिळून वीस-बावीस हजार येतात. त्यांच्याच गटात ४५ हजार पगार आणि हातात स्लिप असलेला तरुण आहे. त्याला घर मिळू नये असं मी म्हणत नाही, पुण्याच्या भावात त्यालाही ते परवडत नाही. पण सोडतीत दोघांचा नंबर लागला, तर कर्ज कुणाला मिळणार हे आधीच ठरलेलं असतं.

त्यामुळे माझ्या मते नियमात तीन बदल हवेत.

एक, म्हाडाच्या सोडतीत पत्रकार, कलाकार, सरकारी कर्मचारी, आजी-माजी आमदार-खासदार यांच्यासाठी राखीव हिस्से असतात. तसाच ३ लाखांच्या आतल्या आणि पगाराची स्लिप नसलेल्या कामगारांसाठी ठेवा. सोबत त्यांच्या कर्जाला सरकारची हमी द्या, नाहीतर तो हिस्साही कागदावरच राहील.

दोन, या २० टक्क्यांतली काही घरं विकूच नका. महापालिकेने ताब्यात ठेवून भाड्याने द्यावीत. ज्याला वीस लाख उभे करता येत नाहीत, त्याला महिन्याचं वाजवी भाडं जमू शकतं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये मजूर पायी गावी गेले, तेव्हा केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आणलीच होती. गरज सरकारलाही कळलेली आहे.

तीन, ४,००० ची पळवाट बंद करा. जमिनीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा मर्यादेच्या खाली दाखवला की एकही छोटं घर बांधावं लागत नाही. नाशिकमध्ये या नियमातल्या घरांवरून २०२२ साली विधिमंडळात गदारोळ झाला होता. सलग जमीन एकाच मालकाची असेल तर ती एकत्रच मोजा.

हे सगळं मी गेल्या महिन्यात सोसायटीच्या सभेत तावातावाने बोलत होतो. मागून एक आजोबा म्हणाले, "अहो सेक्रेटरी, मावशींना स्लिप द्यायची कुणी होती?"

मला उत्तर देता आलं नाही. द्यायची आम्हीच होती. अकरा वर्षं आम्ही त्यांना पाकिटात पैसे दिले, कारण ते आम्हाला सोपं पडत होतं. खात्यावर पगार आणि दरमहा एक कागद, एवढं केलं असतं तर बँकेत दाखवायला त्यांच्या हातात काहीतरी असतं.

त्याच सभेत ठराव मांडला. "उद्या कायम करा म्हणाल्या तर?" हा प्रश्न आलाच. थोड्या मतांनी का होईना, ठराव मंजूर झाला. या महिन्यापासून मावशी आणि दोन्ही वॉचमनचा पगार खात्यावर, स्लिपसकट.

पहिली स्लिप दिली तेव्हा मावशींनी ती घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि विचारलं, "दादा, पुढच्या सोडतीला परत भरू ना?"

भरू म्हणालो. पण वय आता पन्नाशीला आलंय, बँक किती वर्षांचं कर्ज देईल हा हिशोब मी त्यांना अजून सांगितलेला नाही.

तुमच्या सोसायटीत पगार कसा देता? कमेंटमध्ये सांगा. आणि नगरसेवक मत मागायला आले की हे तीन मुद्दे त्यांना नक्की विचारा.