उचलणें आणि आधार देणें

कोंकणांतील घरांच्या अंगणांत पूर्वीं बैलगाडी उभी असे. आतां मोटार उभी असते. चतुर्थीस मुंबईहून येणारे चिरंजीव व पुतणे स्वतःच्या गाडीनें येतात. घाट उतरतांना किंवा महामार्गावरील एखाद्या खड्ड्यांत सायलेन्सर आपटतो, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहा होतांच हीच मंडळी अंगणांत जॅक लावून गाडीखालीं शिरतात. सणाच्या दिवसांत मालवणच्या बाजारांत मिस्त्री शपथेला सुद्धां मिळत नाहीं, हें खरेंच आहे.

या गोष्टीचा आम्हांस एका परीनें आनंदच वाटतो. पिढ्यान् पिढ्या आमच्या वर्गानें हाताला तेल लागूं दिलें नाहीं. लेखणी चालवणें तें आपलें काम आणि पाना फिरवणें तें दुसऱ्याचें, अशी आमची समजूत होती. ती गेली हें बरेंच झालें. परंतु जो कारागीर लहानपणापासून उस्तादाच्या हाताखालीं शिकतो, त्याला कामाबरोबर कामाचें भयहि शिकवलेलें असतें. आमच्या मुलांनीं काम तेवढें उचललें, भय मागेंच राहिलें. त्या उणिवेविषयीं चार शब्द लिहावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

तीन वर्षांपूर्वीं चतुर्थीच्या आदल्या दिवशीं आमचा पुतण्या असाच गाडीखालीं निजला होता. रात्रभर पाऊस पडून तांबडी माती भिजली होती. पाना घेण्यासाठीं तो बाहेर आला. त्याला पुरतीं दोन मिनिटें झालीं नसतील, तोंच जॅकची बैठक मातींत रुतून जॅक कलंडला आणि गाडी धाडकन् खालीं बसली. त्याची छाती जेथें होती, नेमकी तेथेंच. आमच्या वहिनी ओटीवर उभ्या होत्या. हातांतील केळीचीं पानें गळून पडलीं. तोंडांतून मात्र शब्द फुटला नाहीं. त्या रात्रीं त्या जेवल्या नाहींत. पुतण्या थोड्या वेळानें म्हणाला, “पण काका, जॅक तर अगदीं नवा होता!”

या एका वाक्यांत सारा घोटाळा सांठवलेला आहे. आम्हीं जन्मभर मुलांना संस्कृत शिकवलें, तेव्हां आम्हांस सुचलें तें विभक्तीच्या भाषेंत सुचलें. ज्याच्या योगें क्रिया घडते तें करण. त्याची विभक्ति तृतीया. ज्याच्या आधारावर क्रिया घडते तें अधिकरण. त्याची विभक्ति सप्तमी. कुऱ्हाडीनें लांकूड तोडतात, पण कुऱ्हाडीवर कोणी बसत नाहीं. जॅक हें करण आहे. त्यानें गाडी उचलावी. त्यावर गाडी ठेवूं नये. नवा असला तरी तो तृतीयेचाच. त्याची सप्तमी होत नाहीं.

हें केवळ शब्दांचें खेळणें नव्हे. गाडीबरोबर मिळणारा कात्रीसारखा जॅक एका लांब स्क्रूवर चालतो. त्याची बैठक वीतभर सुद्धां रुंद नसते. बाजूस बसून चाक बदलावें, एवढ्यापुरताच तो बनवलेला असतो. दुसरा प्रकार तेलाच्या जॅकचा. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोहोंचतो, हा सतराव्या शतकांतील पास्कलचा नियम त्यांत राबतो; लहान दट्ट्यावरील थोड्या जोरानें मोठा दट्ट्या मोठें ओझें उचलतो. पण तें ओझें तोलणारें तेल रबराच्या एका कड्यानें अडवलेलें असतें. कडें झिजलें कीं तेल पाझरतें आणि गाडी खालीं येते. कधीं हळूहळू, कधीं एकदम.

यासाठीं निराळे लोखंडी स्टँड मिळतात. जॅकनें गाडी उचलावी, गाडीच्या पुस्तिकेंत दाखवलेल्या जागीं दोहों बाजूंस एकेक स्टँड समान उंचीवर लावावा, त्याची खीळ किंवा दांता नीट बसला आहे हें पाहावें, आणि मग जॅक उतरवून सगळा भार स्टँडवर सोंपवावा. जमीन सपाट व टणक हवी. आमच्या किनाऱ्याची हवा खारी. गाडीच्या खालच्या कडा आंतून गंजतात, म्हणून जेथें आधार द्यावयाचा ती जागा आधीं चाचपावी. जमिनीवर राहिलेल्या चाकांस पुढून व मागून पाचर द्यावी. बहुतेक गाड्यांत हातब्रेक मागच्याच चाकांना धरतो. मागची बाजू उचलली कीं त्याचा उपयोग सरला. गिअरचाहि भरंवसा धरूं नये. पुढच्या चाकांनीं चालणाऱ्या गाडीचें पुढचें एक चाक अधांतरीं झालें, तर डिफरन्शियलच्या दंतचक्रांमुळें दुसरें चाक फिरूं शकतें. सरतेशेवटीं गाडीला हातानें जोराचा धक्का द्यावा. ती हालणार असेल, तर आपण बाहेर असतांनाच हालूं द्यावी.

पुष्कळ घरीं स्टँडच्या जागीं चिरा ठेवतात. हा मोह फार घातक. फ्रान्सिस ब्युकॅनननें १८०७ सालीं आमच्या जांभ्याच्या जातीच्या दगडास विटेच्या लॅटिन नांवावरून नांव दिलें, कारण तो विटेसारखा कापतां येतो. जो दगड कापतां येतो, तो लोखंडाच्या टोंकाखालीं फुटतोहि. भिंतींत भार सर्वत्र पसरतो, म्हणून चिरा शंभर वर्षें टिकतो. गाडीचा भार एका बिंदूवर येतो, आणि तो सूचना न देतां दुभंगतो. पोकळ सिमेंटच्या ठोकळ्यांचीहि तीच गत.

मासेमारी-बंदीच्या दिवसांत दांडीच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या पाहाव्या. दोहों बाजूंस टेकू असतात, एकावर कोणी विसंबत नाहीं. त्या कोळीबांधवांनीं पास्कल वाचलेला नसतो. पण आधार एकाहून अधिक असावा, हें त्यांना बापानें शिकवलेलें असतें.

१९८३ सालीं निघालेली मारुती ८०० हलकी म्हणून नांवाजली गेली. तीहि सुमारें साडेसहाशें किलोंची. आजच्या गाड्यांचें वजन बहुधा त्याहून पुष्कळ अधिक. एवढें ओझें छातीवर आलें कीं छाती फुगूं शकत नाहीं, श्वास आंत जात नाहीं, आणि म्हणून हांकहि बाहेर पडत नाहीं. माजघरांत वीस माणसें असतांना अंगणांत मनुष्य निःशब्द जाऊं शकतो. यास्तव गाडीखालीं एकट्यानें कधींच जाऊं नये. दुसरा कोणी जवळ उभा असावा, किल्ली खालच्याच्या खिशांत असावी, आणि पोरांना गाडींत चढूं देऊं नये.

एकत्र कुटुंबांत वडील माणसांना दोन गोष्टी सोप्या वाटतात: तरुणांना मना करणें, किंवा गप्प बसणें. आमच्या मतें दोन्हीं गैर. मना केलें तर मुलें आपण झोंपल्यावर गाडीखालीं जातात. गप्प बसलों तर डोळ्यांदेखत जातात. स्टँडच्या जोडीची किंमत चतुर्थीच्या दारूकामाहून फारशी अधिक नसते. ती वडिलांनींच आणून द्यावी. आमच्या पडवींत अशी एक जोडी टांगलेली आहे. गाडी वर गेली कीं आतां घरांतील लहान मुलगी सुद्धां विचारते, “दादा, सप्तमी लावलीस का?” होकार आल्यावांचून ती तेथून हालत नाहीं.