श्रीनगरची तिकिटं, विजापूरची सहल

श्रीनगरचं वेड आमच्या घरात अम्मींचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं. टीव्हीवर हजरतबल दिसलं की त्यांच्या हातातलं काम थांबायचं. दल सरोवराच्या काठचा तो पांढरा घुमट एकदा डोळ्यांनी पाहायचा, बाकी काही नको, असं त्या म्हणायच्या. विमानात त्या कधी बसलेल्या नव्हत्या. २०२३च्या दिवाळीच्या सुट्टीत न्यायचंच, असं आम्ही ठरवलं. अम्मी, मी, मुलीचे अब्बू आणि सातवीतली मुलगी, अशी चार माणसं. पुण्याहून दिल्लीमार्गे श्रीनगर, जाऊन-येऊन.

ऑगस्टमध्ये सोलापुरातल्या एका एजंटाकडे तिकिटं काढली. त्याने दोन भाव सांगितले. एक स्वस्त, पण रद्द केलं तर पैसे परत नाहीत. दुसरा माणशी अठराशे रुपये जास्त, त्यात थोडे कापून बाकीचे परत. म्हणजे चौघांचा फरक सात हजार दोनशे. एजंट म्हणाला, "मॅडम, जायचं नक्की आहे ना? मग कशाला जास्त भरता?" मी म्हणाले, "इन्शाअल्लाह, नक्की."

त्या दोन शब्दांतला पहिला मी तोंडाने म्हटला आणि पैसे दुसऱ्यावर भरले. उद्याचं काही बोलताना अल्लाहच्या मर्जीचा उल्लेख करावा, ही सूरह कहफमधली शिकवण मी दरवर्षी मुलांना समजावून सांगते. तिचा तिकिटाशी काही संबंध असेल असं त्या दिवशी डोक्यात आलं नाही. सेहेचाळीस हजार चारशे रुपये भरले आणि पावती कपाटात ठेवली.

निघायला नऊ दिवस उरले होते. फज्रच्या वजूला उठलेल्या अम्मी न्हाणीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. दोन दिवसांत ऑपरेशन झालं. अल्लाहचे शुक्र, ते नीट पार पडलं. तिकिटांची आठवण तिसऱ्या दिवशी आली, तीही अम्मींनाच. दवाखान्यातल्या पलंगावर डोळे उघडून त्यांनी विचारलं, "कित्ते गए?"

पहिला फोन मी श्रीनगरला केला. डलगेटजवळच्या एका गेस्ट हाऊसला तीन हजार रुपये आगाऊ दिले होते. मालकाने माझं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. माँजी बऱ्या होऊ देत, मग या, म्हणाला आणि दहा मिनिटांत पैसे परत पाठवले. त्याने कागद मागितला नाही, कापलं काही नाही. खरं तर दिवाळीचा हंगाम होता, खोली रिकामी राहिली तर नुकसान त्याचंच होतं.

आपल्या फिकहमध्ये याला इक़ाला म्हणतात. सौदा पक्का झाल्यावर एका बाजूला अडचण आली आणि दुसऱ्या बाजूने राजीखुशीने त्याला त्यातून मोकळं केलं, तर तो इक़ाला. असं मोकळं करणाऱ्याच्या चुका अल्लाह कयामतच्या दिवशी माफ करील, या अर्थाची हदीस अबू दाऊद आणि इब्न माजामध्ये आहे. मात्र ही सवलत देणाऱ्याच्या खुशीची आहे, मागणाऱ्याचा हक्क नव्हे. मुसलमान आपण कबूल केलेल्या शर्तींना बांधील असतात, हेही हदीसमध्येच आलं आहे. स्वस्त तिकिटाची शर्त मी वाचून कबूल केली होती. म्हणून विमान कंपनीवर रागावण्याचं मला कारण नव्हतं. राग आला तो पुढच्या गोष्टीचा.

एजंट म्हणाला, "झिरो. एक रुपया नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "एक मार्ग आहे. दवाखान्याचे कागद जोडून विनंती करता येते, पण तुमच्या अम्मींच्या एकट्याच्या कागदावर चौघांचे पैसे देणार नाहीत. चौघांनाही डेंग्यू झाला असं दाखवू. डॉक्टर ओळखीचे आहेत."

खरं सांगते, मी लगेच नाही म्हटलं नाही. रजेच्या खोट्या चिठ्ठ्या वर्गात पकडणारी मी, त्या संध्याकाळी मनातल्या मनात हिशेब करत बसले होते. मुलीचे अब्बू म्हणाले की कंपनीला काय फरक पडतो, रिकामी जागा ते दुसऱ्याला विकणारच. मलाही ते पटत चाललं होतं. आम्ही हळू आवाजात बोलत होतो, तरी अम्मींना ऐकू गेलंच. त्या म्हणाल्या, "मी एकटी पडले ते पुरे आहे, बेटा. आणखी तिघांचं आजारपण मागून घेऊ नका." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "माझ्या बांगड्या आहेत." तेव्हा मात्र मला माझीच लाज वाटली.

रात्री दवाखान्यात बसून मी तिकीट पहिल्यांदा पूर्ण वाचलं. तिकिटाची रक्कम एकच दिसते, पण तिचे तुकडे असतात. मूळ भाडं वेगळं, इंधनाचा आकार वेगळा. त्याखाली यूडीएफ म्हणजे विमानतळ वापराचं शुल्क, सुरक्षा शुल्क आणि सरकारी कर. खालच्या या रकमा कंपनीच्या नसतात. आपण विमानतळ वापरणार म्हणून त्या आपल्याकडून घेतलेल्या असतात. आपण गेलोच नाही तर त्या परत द्याव्या लागतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, ज्याला डीजीसीए म्हणतात त्याचा, तसा नियमच आहे. भाडं कितीही सवलतीचं असो, 'परत मिळणार नाही' असं छापलेलं असो, प्रवासी विमानतळावर पोचलाच नसो, तरी हे कर आणि शुल्कं परत करायची. रद्द करण्याचा आकार मूळ भाडं आणि इंधनाचा आकार यांच्या बेरजेपेक्षा जास्त लावायचा नाही. पैसे परत करण्याच्या कामाचे वेगळे पैसे कंपनीने घ्यायचे नाहीत. तिकीट एजंटाकडून काढलं असेल तरी जबाबदारी कंपनीचीच, कारण एजंट तिचा प्रतिनिधी. त्यासाठी आमच्या वेळी कामाचे तीस दिवस दिलेले होते.

म्हणजे माझी शर्त मूळ भाड्यापुरती होती. बाकीचं माझं होतं, आणि ते मागायला खोट्या डेंग्यूची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी चारही तिकिटं रद्द करायला लावली आणि कर परत मिळावेत म्हणून कंपनीला साधी चार ओळींची ईमेल केली. एजंट हसला. "तेवढ्यासाठी कोण भांडतं मॅडम?" कोणीच भांडत नाही, हाच तर त्याचा आधार होता. तीस दिवसांत काही आलं नाही, तेव्हा केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवली. त्यानंतर आठवड्याभरात सहा हजार दोनशे चाळीस रुपये एजंटाकडे आले. त्याने स्वतःच्या कामाचे माणशी दोनशे कापले. मी वाद घातला, तर त्याने त्याची पावती उलटी करून दाखवली. मागे बारीक अक्षरांत तसं लिहिलेलं होतं. तेही मीच वाचलं नव्हतं. हातात पाच हजार चारशे चाळीस आले. बाकीचे गेले.

वाचक भगिनींनी त्या वेळी मला विचारलेल्या एक-दोन गोष्टी इथेच सांगते. माझी भाची म्हणाली होती, "खालाजान, अम्मींच्या तिकिटावर मी जाते." तसं करता येत नाही. स्पेलिंगची चूक सुधारता येते, माणूस बदलता येत नाही. एकाच बुकिंगमधल्या एकाचं तिकीट वेगळं काढून रद्द करता येतं, हे मात्र फार जणांना ठाऊक नसतं. जायच्या विमानाला न सांगता गैरहजर राहिलं, तर परतीचं तिकीटही बहुधा आपोआप रद्द होतं. आमच्या वेळी, प्रवास सात किंवा जास्त दिवसांवर असेल तर तिकीट काढल्यापासून चोवीस तासांत ते फुकट रद्द करता येत असे. हे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढल्याच्या रात्री घरातल्या सगळ्यांनी ते एकदा वाचावं. घरात म्हातारं माणूस, गरोदर सून किंवा दहावीचं मूल असेल, तर जास्त भावाचं तिकीट महाग पडत नाही. आम्हाला ते सात हजार दोनशे आता फार स्वस्त वाटतात.

अम्मी वॉकर धरून चालू लागल्या तेव्हा जानेवारी संपत आला होता. परत आलेले पैसे मी त्यांच्याच हातात दिले. त्यांनी नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि म्हणाल्या, "विजापूरला चला."

अम्मींचं आजोळ विजापूरचं. शहराचं सरकारी नाव आता विजयपुरा झालं आहे, पण सोलापुरात अजून विजापूरच म्हणतात. इथून शंभर किलोमीटर, मोठा रस्ता, दोन तास. भीमा ओलांडली की पाट्यांवर कन्नड दिसू लागतं. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. ड्रायव्हरभाईंनी अम्मींसाठी पुढची सीट मागे सरकवून दिली होती, आणि त्या प्रत्येक गावाचं नाव सांगत होत्या. त्यातली अर्धी चुकीची होती.

गोल गुमट लांबूनच दिसतो. मुहम्मद आदिलशहाची ही कबर. घुमट बाहेरून सुमारे चव्वेचाळीस मीटर रुंद, आणि आत त्याला आधाराचा एकही खांब नाही. बादशहा १६५६ साली वारला आणि बाहेरची सजावट राहून गेली असं म्हणतात. जवळ गेल्यावर ते जाणवतं. एवढ्या मोठ्या भिंती, आणि अंगावर नक्षी जेमतेम. दारात पंचवीस रुपयांचं तिकीट काढताना मुलीने विचारलं, "हे परत मिळतं का?"

अम्मींना जिना शक्य नव्हता. कोपऱ्यातल्या मनोऱ्यांमधून सात मजले चढून वर जावं लागतं. त्या आतच, चौथऱ्याजवळ टेकून बसल्या. चौथऱ्यावर दिसतात त्या नुसत्या खुणा, खऱ्या कबरी खाली तळघरात आहेत. अम्मींनी फातिहा पढली. मी त्यांच्याजवळ थांबले, आणि बापलेक वर गेले. घुमटाच्या आतल्या सज्जात भिंतीशी कुजबुजलं तरी समोरच्या माणसाला ऐकू येतं, आणि एका हाकेचे सात-आठ पडसाद येतात. त्या दिवशी कुठल्या तरी शाळेची सहल आलेली होती, त्यामुळे वर नुसता गलका. तेवढ्यात कुठून तरी "दादी" असं ऐकू आलं, मग पुन्हा, मग पुन्हा. ती आमचीच होती की दुसऱ्या कुणाची, कळायला मार्ग नव्हता. अम्मी म्हणाल्या, "आमचीच आहे." मग म्हणाल्या, "मी पण इथून माझ्या अम्मांना हाक मारली होती. त्या इथेच बसल्या होत्या. त्यांचेही गुडघे दुखायचे."

दुपारी बारा कमानला गेलो. गोल गुमटानंतर गादीवर आलेल्या दुसऱ्या अली आदिलशहाने स्वतःसाठी याहून मोठा रौजा बांधायला घेतला होता. तो पुरा झालाच नाही. काळ्या दगडाच्या उंच कमानी तशाच उभ्या आहेत, वर छत नाही, फक्त आकाश. पुरा झाला असता तर याची सावली गोल गुमटावर पडली असती म्हणून काम थांबवलं, असं लोक सांगतात. इतक्या लांब सावली कशी पडेल, असं मी शाळेच्या सवयीने म्हटलं, पण ऐकायला कोणी तयार नव्हतं. झाडाखाली बसून कडक भाकरी आणि शेंगा चटणी खाल्ली. अम्मी कमानींकडे बघत होत्या. "यांचंही राहिलंच म्हणायचं," त्या म्हणाल्या आणि आणखी चटणी मागितली.

संध्याकाळी परतलो तेव्हा पाच हजार चारशे चाळीसमधले तीनशे दहा रुपये उरले होते. ते अम्मींनी उशीखाली ठेवले.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५च्या जूनमध्ये, कटरा ते श्रीनगर रेल्वे सुरू झाली. टीव्हीवर चिनाब नदीवरचा तो उंच पूल दाखवत होते. अम्मींनी हातातली भाजी बाजूला ठेवली आणि शेवटपर्यंत पाहिलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "रेल्वेचं तिकीट रद्द केलं तर पैसे परत येतात ना?"

"येतात अम्मी. थोडे कापून."

"मग बघ," त्या म्हणाल्या.