जर्मनचे पातेले आणि बंगळूरची विमाने

आजीच्या स्वयंपाकघरातले 'जर्मन'चे पातेले आठवते? उचलायला हलके, पटकन तापणारे आणि हातून पडले की हमखास पोचा येणारे! जुन्या घरांत अ‍ॅल्युमिनियमला 'जर्मन'च म्हणत. या साध्या धातूचे रुबाबदार रूप पाहायचे असेल, तर बंगळूरच्या सहलीत लालबागेबरोबरच जुन्या विमानतळ रस्त्यावरचे 'हिंदुस्थान एरोनॉटिक्स'चे विमान संग्रहालय जरूर पाहावे. ते २००१ मध्ये सुरू झाले.

या कारखान्याची मुहूर्तमेढ रोवली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी, डिसेंबर १९४० मध्ये, म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने. सुरुवातीला येथे परदेशी विमानांची जोडणी आणि महायुद्धाच्या काळात दुरुस्ती होत असे.

पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश वजन, हा अ‍ॅल्युमिनियमचा मोठा गुण. पण शुद्ध धातू फार मऊ. त्यात सुमारे चार टक्के तांबे आणि थोडे मॅग्नेशियम मिसळून तापवले व एकदम थंड केले, की पुढच्या काही दिवसांत तो आपोआप कडक होतो. हे जर्मनीच्या आल्फ्रेड विल्म यांच्या १९०६ मध्ये लक्षात आले आणि विमानांना हवा तसा पत्रा मिळाला. विमानाचे काही रिव्हेट तर ठोकेपर्यंत बर्फासारख्या थंडीत ठेवतात, म्हणजे ते मऊ राहतात!

बंगळूरच्या कारागिरांची खरी परीक्षा स्वातंत्र्यानंतर झाली. महायुद्ध संपल्यावर 'लिबरेटर' ही अवाढव्य बाँबफेकी विमाने कानपूरला टाकून दिलेली होती. पुन्हा कोणाला वापरता येऊ नयेत, म्हणून त्यांची मुद्दाम मोडतोड केलेली. कोणीही त्यांना भंगार म्हटले असते. पण या कारखान्याच्या माणसांनी ती जागेवरच उडण्यापुरती सांधली, बंगळूरला आणली आणि नव्यासारखी करून दिली. १९४८ मध्ये ती हवाई दलात दाखल झाली आणि १९६८ पर्यंत उडत राहिली.

दुसऱ्यांची विमाने दुरुस्त करणारे हे हात लवकरच स्वतःचे विमान घडवू लागले. कोल्हापूर परिसरात जन्मलेले आणि जर्मनीत प्रा. प्रांटल यांच्याकडे शिकलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी 'एचटी-२' या संपूर्ण धातूच्या प्रशिक्षण विमानाचा आराखडा तयार केला. १९५१ मध्ये ते आकाशात झेपावले. पुढे हवाई दलाच्या कितीतरी वैमानिकांनी उड्डाणाचे पहिले धडे त्यावरच गिरवले. आजच्या 'तेजस'मध्ये कार्बन तंतूंचे भाग भरपूर आहेत, तरी अ‍ॅल्युमिनियमला सुट्टी मिळालेली नाही.

हा धातू वितळवून पुन्हा वापरायला, खनिजापासून नवा काढण्याच्या मानाने अवघी पाच टक्के ऊर्जा लागते. म्हणून पोचे आलेले पातेले कचऱ्यात न टाकता भंगारवाल्याला द्यावे. आणि मुलांना संग्रहालयातले 'एचटी-२' दाखवताना, हे आपल्या घाटग्यांचे विमान, हेही आवर्जून सांगावे.