रात्र थोर की ध्वनिफीत थोर?

१/ ८ मे १९७७. न्यूयॉर्क राज्यातील इथाका या गावी, कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये ‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकी रॉक बँडचा कार्यक्रम झाला. मुळात लष्करी कवायतीसाठी बांधलेले ते सभागृह. त्या रात्रीवरून रसिकांत पेटलेला वाद आजही विझलेला नाही. वाद गाण्याचा असला, तरी त्यातील प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला चांगलेच परिचित वाटतील. 🧵

२/ हा बँड १९६५ साली कॅलिफोर्नियात जन्मला. जेरी गार्सिया, बॉब वीर, फिल लेश, बिल क्रॉइट्झमन आणि रॉन मॅकर्नन हे त्याचे आरंभीचे पाच जण. १९९५ पर्यंतच्या तीस वर्षांत त्यांचे सुमारे २,३०० कार्यक्रम झाले. गीतांचा क्रम रात्रीगणिक बदले, आणि गीताचा विस्तार तर त्या क्षणाच्या लहरीवर सोपवलेला असे. ‘डार्क स्टार’ हे गीत १९६८ च्या तबकडीवर तीन मिनिटांतच संपते. १९६९ च्या ‘लाइव्ह/डेड’ या संग्रहात तेच तेवीस मिनिटे चालते. बंदिश एकच, पण प्रत्येक मैफलीत तिचे रूप निराळे, हे ज्याने अनुभवले आहे त्याला या रसिकांचे वेड कळेल. कोणत्या रात्रीचे गाणे खरे, हा वाद येथूनच सुरू होतो.

३/ वाद घालायचा तर पुरावा हवा. तो रसिकांनीच गोळा केला. ध्वनिमुद्रक घेऊन ते कार्यक्रमांना जात. बँडने त्यांना अडवले नाही. उलट ऑक्टोबर १९८४ पासून ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी प्रेक्षागृहात स्वतंत्र जागा राखून ठेवली. संकेत एकच होता: ध्वनिफीत विकायची नाही. कोरी कॅसेट आणि टपालखर्च पाठवावा, समोरच्याने नक्कल करून परत धाडावी, असा तो व्यवहार. १९८७ साली तर कोणत्या दिवशी, कोठे, कोणती गीते सादर झाली याची नोंद देणारा ‘डेडबेस’ हा ग्रंथही निघाला. आपल्या भाषेत सांगायचे तर ती या बँडची शकावलीच.

४/ मात्र नकलेची नक्कल होताना फितीवरची खरखर वाढत जाई. म्हणून रसिक प्रत्येक फितीची ‘पिढी’ विचारीत: ही मूळ मुद्रणावरून उतरवलेली, की नकलेवरून? प्रेक्षकांत बसून टिपलेली, की मंचाच्या ध्वनियंत्रणेतून थेट घेतलेली? जुन्या पोथ्यांची वंशावळ लावणारा संशोधकही हेच विचारतो. कोणत्याही विद्यापीठात न शिकता या तरुणांनी साधनचिकित्सेची स्वतःची शिस्त घडवली.

५/ आता पुन्हा बार्टन हॉलकडे. त्या रात्रीचे मुद्रण बँडच्या ध्वनितंत्रज्ञ बेटी कँटर-जॅक्सन यांनी केले होते. त्यांचे कान आणि हात दोन्ही असामान्य. पुढे त्यांच्या ध्वनिफितींचा मोठा साठा भाड्याच्या गोदामात पडून राहिला. भाडे थकले आणि १९८० च्या दशकात त्या मालाचा लिलाव झाला. फिती परक्यांच्या हाती गेल्या. त्या कचऱ्यात गेल्या असत्या तर आज हा वादच उरला नसता. सुदैवाने त्यांच्या नकला निघाल्या, हातोहात पसरल्या, आणि कॉर्नेलची रात्र दंतकथा झाली.

६/ येथे खरी मेख आहे. एक पक्ष म्हणतो, ‘स्कार्लेट बिगोनियाज’मधून ‘फायर ऑन द माउंटन’मध्ये बँड त्या रात्री जसा उतरला, तसा क्वचितच उतरला, ‘मॉर्निंग ड्यू’ही तशीच. दुसरा पक्ष आदल्या दिवशीचे बॉस्टन आणि दुसऱ्या दिवशीचे बफेलो पुढे करतो. बँड तोच, दौराही तोच. मग कॉर्नेलच श्रेष्ठ का? ती फीत स्वच्छ होती आणि पुष्कळांच्या घरी पोहोचली होती, म्हणून तर नव्हे?

७/ हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या लढाईचे कागद टिकतात, ती इतिहासात मोठी दिसते. ज्या गावाचे दप्तर जळते, ते गाव मुके होते. तरीही दुसरी बाजू उरतेच. लख्ख आरसा चेहरा स्पष्ट दाखवील. पण चेहऱ्यावर नसलेले तेज तो कोठून आणणार? अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने हे मुद्रण २०११ च्या राष्ट्रीय ध्वनिसंग्रहाच्या यादीत घेतले, २०१७ मध्ये, चाळीस वर्षांनी, ते अधिकृतपणे प्रकाशित झाले. मान्यता मिळाली, निकाल मात्र लागला नाही.

८/ शब्दांवरही असाच खल चाले. बँडची बहुतेक नामांकित गीते रॉबर्ट हंटर यांची. ते स्वतः बँडमध्ये वाजवीत नसत आणि अर्थ उलगडून सांगण्यास सहसा राजी नसत. १९९० मध्ये त्यांच्या गीतांचे पुस्तक आले. पुढे डेव्हिड डॉड या ग्रंथपालाने गीतांतील संदर्भांवर टिपा जमवण्यास आरंभ केला. २००५ मध्ये त्या ग्रंथरूपाने प्रकाशित झाल्या. कवी मौन राखतो तेव्हा भाष्यकार जन्म घेतात.

९/ त्याच वर्षी, नोव्हेंबर २००५ मध्ये, वाद मालकीवर आला. ‘इंटरनेट अर्काइव्ह’वरून या बँडचे कार्यक्रम उतरवून घेण्याची सोय एकाएकी बंद झाली. ज्यांनी वर्षानुवर्षे हा ठेवा फुकट वाटून जपला, ते संतापले. काही दिवसांतच तडजोड झाली: प्रेक्षकांनी टिपलेली मुद्रणे पुन्हा खुली, ध्वनियंत्रणेतून घेतलेली केवळ ऐकण्यापुरती. गाणे कलावंताचे, हे कोणी नाकारले नाही. पण ते जिवंत ठेवणाऱ्यांचा त्यावर काहीच हक्क नाही काय?

१०/ ९ ऑगस्ट १९९५ रोजी गार्सिया यांचे निधन झाले आणि नव्या रात्री संपल्या. उरल्या त्या ध्वनिफिती, याद्या आणि आठवणी. बार्टन हॉलमध्ये बसलेला श्रोता म्हणतो, मी तेथे होतो. पुढे जन्मलेला रसिक म्हणतो, मी ती फीत शंभरदा ऐकली आहे. पहिल्याजवळ अनुभव आहे, दुसऱ्याजवळ साधन. इतिहासाला दोघेही हवेत. आणि दोघांनीही एकमेकांना प्रश्न विचारीत राहणे हवे.